वाचक विचारतात : माझ्या खलनायकाला शेअरबाजार पाडायचाय

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कम्प्युटरने शेअरबाजार उद्ध्वस्त करणारे थ्रिलरमधले निम्मे हल्ले खऱ्यात दहा मिनिटंसुद्धा टिकणार नाहीत, आणि झालं, पत्रांचा ढीगच आला. बरेच लिहिणारे, थोडे भांडणारे. माझी पात्रता एवढीच की नोकरीतली बरीच वर्षं एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसमध्ये रात्रीच्या फायली जुळवण्यात गेली आणि उरलेला वेळ असल्या कादंबऱ्या वाचण्यात. काही पत्रं निवडलीयेत, नावं गाळलीयेत.

प्रश्न : ताई, माझ्या कादंबरीत हॅकर एक्स्चेंजच्या सर्व्हरमध्ये शिरतो, एंटर दाबतो आणि सगळ्या शेअरचे भाव शून्य होतात. ट्रेडिंग करणाऱ्या मित्राला हे प्रकरण वाचायला दिलं तर तो हसतच सुटला. म्हणे, "भाव असा नसतो रे." मग कसा असतो?
— अर्धं हस्तलिखित ड्रॉवरमध्ये

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण नुसता हसून गेला हे काही बरं केलं नाही. बघा, भाव म्हणजे कुठल्या तरी टेबलात लिहून ठेवलेला आकडा नाही, की गेलो, खोडला आणि शून्य टाकला. कुणीतरी विकलं, कुणीतरी घेतलं, तो शेवटचा सौदा ज्या आकड्याला झाला तो भाव. तुमच्या हॅकरने स्क्रीनवर शून्य दाखवलं तर लोक म्हणतील स्क्रीन बिघडलीय, आणि एखादा चलाख म्हणेल शून्याला देताय ना, मग द्या सगळेच.

दुसरं म्हणजे सर्किट ब्रेकर. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेत डाऊ हा शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्यानंतर हे ब्रेक आले. आताचा तिथला नियम असा की एस अँड पी ५०० निर्देशांक ७ टक्के पडला की १५ मिनिटं सगळं बंद, १३ टक्क्यांना परत १५ मिनिटं, आणि २० टक्क्यांना दुकान दिवसभरासाठी बंद. मार्च २०२० मध्ये पहिला ब्रेक चार वेळा लागला, कुठल्याही हॅकरच्या मदतीशिवाय.

पण तुमचा सीन फेकून देऊ नका, दुरुस्त होतो तो. ६ मे २०१० चा दिवस घ्या. दुपारी अमेरिकेतल्या एका मोठ्या फंडाने ७५,००० फ्युचर्स कॉन्ट्रॅक्ट (पुढच्या तारखेचे सौदे), म्हणजे साधारण ४.१ अब्ज डॉलरचा माल, विकायला एक प्रोग्रॅम लावला, आणि त्याला सांगितलेलं काय तर बाजारात जेवढी उलाढाल होतेय तिच्या ९ टक्के विकत राहा, भाव काय, वेळ काय, बघू नको. झालं असं की वेगवान अल्गोरिदम तोच माल एकमेकांच्या गळ्यात मारायला लागले, त्यामुळे उलाढाल वाढली, उलाढाल वाढली म्हणून प्रोग्रॅमने आणखी जोरात विकायला काढलं, आणि बघता बघता डाऊ जवळजवळ हजार पॉइंट खाली. खरेदीदार सगळे ऑर्डर काढून पळाले, पाटी रिकामी. अशा वेळी एखाद्या यंत्राने नियम आहे म्हणून नुसती लावून ठेवलेली एक सेंटची ऑर्डर असते ना, जी कधी लागणारच नसते, ती लागते. ॲक्सेंचरसारख्या कंपनीचा शेअर खरंच एका सेंटला विकला गेला.

आणि हे थांबलं कशाने? शिकागोच्या एक्स्चेंजमधल्या एका स्वयंचलित ब्रेकने पाच सेकंद व्यवहार रोखले. फक्त पाच सेकंद, दुपारी २ वाजून ४५ मिनिटं २८ सेकंदांनी. तेवढ्यात खरेदीवाले परत आले आणि बाजार वर चढला. माझं ऐकाल तर तुमचं ते एंटर दाबायचं प्रकरण काढा आणि या पाच सेकंदांवर आख्खं प्रकरण लिहा, मित्र हसला तर मला सांगा.

प्रश्न : भाव पाडणं म्हणजे रोजचंच असेल तर मग बाजारवाल्यांना खरी भीती कशाची वाटते? खलनायकाने नेमकं काय तोडावं?
— रहस्यकथा क्लबची सेक्रेटरी

उत्तर : नोंदी. कुणाचं काय आणि कुणाचं कुणाला देणं, याची वही. बाजार पडला तर काहीजण रडतात, काहीजण कमावतात, पण दोघांनाही आपल्याकडे काय उरलंय ते माहीत असतं. तेच कळेनासं झालं की मग कोणी कोणाशी व्यवहारच करत नाही.

आमच्या कामातला एक रात्रीचा प्रसंग सांगते. सौदे संपले की एक्स्चेंजकडून एक फाइल यायची, आमच्या सिस्टीममधून एक निघायची, दोन्ही समोरासमोर लावायच्या आणि जिथे जुळत नाही त्या फरकाला आम्ही 'ब्रेक' म्हणायचो. एकदा एकाच शेअरच्या फक्त चाळीस नगांचा फरक आला. रकमेने किरकोळ, साहेबांच्या खिशातून भरता आला असता. पण कोणी घरी गेलं नाही. कारण चाळीस का आले हे कळल्याशिवाय बाकीचे लाखो बरोबर आहेत असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही ना! पहाटे सापडलं, एकच सौदा दोनदा शिरला होता. त्या सहा तासांत आमच्या पोटात जो गोळा होता तो मला अजून कुठल्या थ्रिलरमध्ये सापडलेला नाही. आता तो चाळीसचा आकडा चार कोटी करा, आणि एका ब्रोकरऐवजी सगळ्यांकडे.

हे ओळखणारा लेखक टॉम क्लॅन्सी. 'डेट ऑफ ऑनर' ही त्याची कादंबरी १९९४ ची, आणि त्यातला बाजारावरचा घाव भावावर नाहीच, न्यूयॉर्कच्या डिपॉझिटरीवर, म्हणजे कुणाचे किती शेअर याची वही सांभाळणाऱ्या संस्थेवर आहे. आधीच लपवून ठेवलेला प्रोग्रॅम एका ठराविक वेळी जागा होतो, सौदे होत राहतात पण त्यांच्या नोंदी राहत नाहीत. क्लॅन्सीच्या बाकीच्या गोष्टींवर मी तासभर भांडू शकते, पण डिपॉझिटरी निवडली याला दाद द्यायलाच पाहिजे, कारण डिपॉझिटरी म्हणजे काय हे ९० टक्के वाचकांना माहीतच नसतं.

ही संस्था आली तीच मुळी वही कोसळली म्हणून. १९६० च्या दशकाच्या शेवटी वॉल स्ट्रीटवर शेअरचे कागद माणसं पिशव्यांतून इकडून तिकडे न्यायची, आणि उलाढाल एवढी वाढली की कागद मागे पडले, शेवटी १९६८ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज चक्क दर बुधवारी बंद ठेवायला लागलं, का तर साचलेलं काम उपसायला. मग १९७३ मध्ये डिपॉझिटरी आली, कागद एका तिजोरीत आणि मालकी फक्त नोंदीत बदलायची. आता ती नोंदच गेली तर? कादंबरी तिथे सुरू होते.

एक बारकावा मात्र सांभाळा. क्लॅन्सीने लिहिलं तेव्हा अमेरिकेत सौदा झाल्यापासून शेअर आणि पैसे हातात पडायला पाच दिवस लागायचे. २८ मे २०२४ पासून एकच दिवस. खलनायकाला गोंधळ घालायला मधली फट लागते, ती आता फार अरुंद झालीय, त्यामुळे आजची गोष्ट लिहिताना त्याला हप्ताभर निवांत बसवू नका.

प्रश्न : तीच कादंबरी मीही वाचलीय आणि शेवट वाचून पुस्तक फेकलं होतं. म्हणे तो दिवस झालाच नाही असं समजा! एवढा मोठा बाजार आणि उपाय काय तर लहान मुलांसारखं 'हा डाव कॅन्सल'?
— चिडलेला वाचक

उत्तर : अहो, उचला ते पुस्तक परत. जिथपर्यंतच्या नोंदी शाबूत आहेत तिथपर्यंत घड्याळ मागे न्यायचं, हा त्यातला तोडगा मलाही पहिल्यांदा वाचताना पळवाट वाटला होता. नंतर बघितलं तर जगात हेच चालतं.

२०१० च्या त्या मे महिन्यातल्या दुपारनंतर, आधीच्या भावापेक्षा ६० टक्क्यांहून जास्त वरखाली झालेले वीस हजारांवर सौदे रद्द केले. म्हणजे एका सेंटला शेअर मिळाला म्हणून ज्याने उडी मारली असेल त्याची उडी हवेतच राहिली.

त्याहून मोठं प्रकरण लंडनच्या मेटल एक्स्चेंजचं. ८ मार्च २०२२, निकेलचा भाव एका सकाळी टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला, आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या दुपटीहून जास्त. मंदीवाले, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावलेले, मोठे अडकलेले. एक्स्चेंजने बाजार थांबवला आणि त्या दिवशी झालेले सगळे सौदे, साधारण १२ अब्ज डॉलरचे, रद्द! ज्यांचा नफा गेला ते कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने एक्स्चेंजच्या बाजूने निकाल दिला. यात कम्प्युटर हल्ला बिल्ला काही नव्हता, पण डाव कॅन्सल करता येतो हे तर दिसलं. तुमचा राग योग्यच आहे, फक्त तो क्लॅन्सीवर काढू नका.

लिहिणाऱ्यांसाठी खरा मसाला पुढे आहे. रद्द करायचं ठरलं तर कुठल्या मिनिटापासून? त्या मिनिटाच्या दहा सेकंद आधी ज्याने विकलं तो वाचला, दहा सेकंद नंतरवाला मेला. ती रेघ ज्या खोलीत ओढली जाते तिथे पाच माणसं बसवा, त्यातल्या एकाचे स्वतःचे पैसे अडकलेले दाखवा. बंदूक लागणार नाही.

आणि उलटं पण होतं बरं का. ८ डिसेंबर २००५, टोकियो. मिझुहो सिक्युरिटीजच्या माणसाला जेकॉम नावाच्या कंपनीचा एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता, त्याने टाकलं ६ लाख १० हजार शेअर, प्रत्येकी एक येन. कंपनीचे एकूण शेअर होते त्याच्या कितीतरी पट कमी, पंधरा हजारांच्या आतच. स्क्रीनवर वॉर्निंग आली होती, ती ओलांडून पुढे गेला. लगेच लक्षात आलं, ऑर्डर कॅन्सल करायला गेले तर एक्स्चेंजच्या सिस्टीममधल्याच एका बगमुळे कॅन्सल होईना. परत परत दाबतायत आणि समोर सौदे लागत चाललेत. मी या माणसाचा चेहरा कधी पाहिलेला नाही, पण डोळ्यासमोर येतो.

प्रश्न : हॅकर हुडीत दाखवू की सुटात?
— गोंधळलेली

उत्तर : ऑफिसच्या आयकार्डात. बाहेरून भिंत फोडून येणारा दिसायला भारी असतो, पण ज्याला त्या सिस्टीमची जुनी खोड माहितीय असा आतला माणूस, किंवा कॉन्ट्रॅक्टवर येऊन गेलेला, जास्त घाबरवतो. आणि काळ्या स्क्रीनवर पडणारी हिरवी अक्षरं कृपा करून नको.

प्रश्न : माझा खलनायक आधी शॉर्ट करतो, मग बाजार पाडतो आणि अब्जाधीश होऊन बेटावर जातो. संपादक म्हणतात पटत नाही. काय चुकलं?
— पहिली कादंबरी, तिसरा खर्डा

उत्तर : शॉर्ट करणं, म्हणजे आधी विकून भाव पडल्यावर स्वस्तात परत घेणं, चुकलं नाही, बेटावर जाणं चुकलं. बाजार कोसळला की दुसऱ्या दिवशी चौकशीवाले पहिलं काय काढतात तर आदल्या आठवड्यात मंदीचे मोठे सौदे कोणी लावले, पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, कोणी घेतले. ती यादी लांब नसते. त्यात पैसे सेटल व्हायला बाजार जिवंत लागतो हे खलनायक विसरतात, वही जाळली तर तुमचा नफा पण त्याच वहीत होता की राव!

म्हणून दोन जाती वेगळ्या ठेवा. ज्याला पैसे हवेत तो थोडंच मोडतो, कुणाला कळणार नाही इतकंच, आणि पटकन बाहेर पडतो. ज्याला मोडायचंच आहे, म्हणजे शत्रू देश, सूड, एखादं वेड, त्याला पैशाचं काही नाही. तुमचा खलनायक पहिल्या प्रकरणात एक आहे आणि शेवटी दुसरा होतो, संपादकांना तेच खुपत असणार.

पहिल्या जातीसाठी एक गोष्ट देते, वापरा. २३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेसचं ट्विटर अकाउंट हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट झाले, ओबामा जखमी, अशी खोटी बातमी पडली. बातम्या वाचून आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम असतात, ते काय फोन करून खात्री करणार? डाऊ शंभर-दीडशे पॉइंट खाली, एस अँड पी ५०० मधले १३६ अब्ज डॉलर हवेत, आणि काही मिनिटांत सगळं परत जागेवर. कुठल्याही एक्स्चेंजच्या सर्व्हरला हात लावलेला नाही, एका ट्वीटवर काम. ज्याला आधीच माहीत असेल की हे पाच मिनिटंच टिकणार, त्याच्यासाठी ती पाच मिनिटं पुरेशी आहेत.

प्रश्न : खरे हल्ले झालेत का कधी? का सगळं लेखकांच्याच डोक्यात?
— संशयात्मा

उत्तर : झालेत, पण नेहमी अशा ठिकाणी की कादंबरीत लिहिलं तर वाचक म्हणेल, हे काय फुसकं. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूझीलंडच्या एक्स्चेंजवर नुसता ट्रॅफिकचा पूर सोडला आणि सलग चार दिवस व्यवहार थांबवावे लागले. सौदे जुळवणारं इंजिन फोडलं म्हणून नाही, तर कंपन्यांच्या घोषणा जिथे लागतात ती वेबसाइटच उघडत नव्हती म्हणून. बातमी सगळ्यांना एकाच वेळी मिळाली पाहिजे हा नियम, बातमीच दिसत नाही तर बाजार कसा चालू ठेवणार?

आणि शेअरबाजार नाही पण शिकायला सगळ्यात चांगली केस म्हणजे फेब्रुवारी २०१६ ची बांगलादेश बँकेची चोरी. चोरांनी बँकेच्या आतून स्विफ्टचे (बँका एकमेकींना पैसे पाठवायच्या सूचना देतात त्या जाळ्यावरचे) मेसेज पाठवून न्यूयॉर्क फेडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतल्या, खात्यातून जवळजवळ एक अब्ज डॉलर काढायचा घाट घातला, त्यातले ८.१ कोटी फिलिपिन्सला पोचले. माझ्या मते त्यातलं सगळ्यात हुशार काम कम्प्युटरवर झालंच नाही, ते कॅलेंडरवर झालं. गुरुवारी रात्री सुरुवात, शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. आणि बँकेतला जो प्रिंटर हे मेसेज आपोआप छापतो तो बंद पाडलेला! सकाळी आलेल्या माणसाला वाटलं, प्रिंटर बिघडलाय, नेहमीचंच. घात कशाने झाला तर श्रीलंकेला जाणाऱ्या दोन कोटींच्या मेसेजमध्ये फाउंडेशन या शब्दाचं स्पेलिंग चुकलं आणि मधल्या बँकेने विचारलं हे काय. हे मी रचलं असतं तर तुम्हीच मला पत्र लिहिलं असतं की ताई, योगायोग फार झाले.

प्रश्न : घातपात अपघातासारखा दिसावा असं मला हवंय. कसला अपघात बेतू?
— शांत डोक्याचा

उत्तर : वा, हा प्रश्न आवडला. तुमचा माल तयारच आहे, कारण या धंद्यात खरा अपघात घातपातासारखाच दिसतो.

१ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन ब्रोकर कंपनी. नवीन सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं, सातवर चढलं, आठव्यावर राहिलं. त्या आठव्यावर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला एक जुना कोड पडून होता, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला चालू-बंदचा खटका, वापरला तो त्या जुन्याला जागं करणारा निघाला. बाजार उघडला आणि तो भूतासारखा उठून ऑर्डर टाकायला लागला, थांबेचना. कळेना कुठून येतंय, म्हणून घाबरून त्यांनी काय केलं तर चांगल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, म्हणजे आता आठही भुतं. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर खड्डा. वर कळस म्हणजे बाजार उघडायच्या आधीच सिस्टीमने त्या जुन्या कोडचं नाव असलेले ९७ ईमेल पाठवले होते, ते कुणी गंभीरपणे बघितले नाहीत. तुमच्या कथेत हे ९७ ईमेल न बघणारा माणूस मुद्दाम बघत नव्हता असं केलं तर? सिद्ध कोण करणार!

उलट बाजूने ८ जुलै २०१५ बघा. सकाळी युनायटेड एअरलाइन्सची विमानं जमिनीवर, साडेअकराच्या सुमारास न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज बंद पडलं ते साडेतीन तास, आणि त्याच वेळी वॉल स्ट्रीट जर्नलची वेबसाइट पण झोपली. प्रत्येकाच्या मनात एकच, हल्ला झालाय. काही नव्हतं, तिन्ही वेगवेगळे बिघाड. गंमत म्हणजे त्या साडेतीन तासांत तेच शेअर बाकीच्या एक्स्चेंजवर निवांत विकले-घेतले जात होते, म्हणजे तुमच्या खलनायकाने एकच इमारत पाडून भागत नाही हेही लक्षात ठेवा.

बॅकअपचं पण बघा. १ ऑक्टोबर २०२० ला टोकियोचं एक्स्चेंज दिवसभर बंद होतं, बॅकअप नव्हता म्हणून नाही, होता, पण हार्डवेअर बिघडल्यावर त्यावर आपोआप जायला हवं ते गेलंच नाही. शांत डोक्याने घातपात करायचा तर हात तिथे घालायचा, जी गोष्ट वर्षानुवर्षं कुणी वापरून बघत नाही तिथे.

आणि कुठलंच काही सुचलं नाही तर खार. हसू नका. ९ डिसेंबर १९८७ ला कनेक्टिकटमध्ये एका खारीने वीज घालवली आणि नॅसडॅक ८२ मिनिटं बंद पडलं, ऑगस्ट १९९४ मध्ये आणखी एका खारीने परत तेच केलं. त्याच वर्षी क्लॅन्सीची कादंबरी आली, शत्रू, गुप्त प्रोग्रॅम, राष्ट्राध्यक्षांच्या मीटिंगा, आणि इकडे नॅसडॅकची तारीख खारीच्या नावावर.

प्रश्न : सेटलमेंट, क्लिअरिंग, डिपॉझिटरी हे सगळं वाचकाला समजवायला किती पानं घेऊ? माझी सध्या बावीस झालीत.
— पुढे सरकत नाहीये

उत्तर : बाई गं, बावीस! दीड पान, आणि तेही समजावून नाही, भांडणातून. रात्री दोनची वेळ, दोन माणसं, दोन फायली, एक म्हणतोय माझी बरोबर, दुसरा म्हणतोय माझी, आणि फरक चाळीस शेअरचा. वाचकाला व्याख्या कळली नाही तरी चालेल, त्याला एवढं कळलं पाहिजे की हे दोघं घरी का जात नाहीयेत. उरलेली साडेवीस पानं माझ्याकडे पाठवून द्या, मी वाचेन, मला आवडतात.